ओला हिवाळा आणि बाराशे किलोमीटरची तयारी

फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हा सुमारे १२०० किलोमीटरचा सायकल उपक्रम दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात होतो. १८९१ साली व्यावसायिक शर्यत म्हणून सुरू झालेला हा उपक्रम आज जगभरातील हौशी सायकलपटूंचे मोठे आकर्षण आहे. पुढील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७ मध्ये आहे. उपक्रम भर उन्हाळ्यात होत असला, तरी त्यात कोण तग धरणार हे बऱ्याच अंशी आदल्या हिवाळ्यातच ठरते. जेथे हिवाळा कोरडा असतो तेथे ही तयारी सोपी जाते. जेथे तो ओला असतो तेथे दर आठवड्याला सायकल बाहेर काढावी की नाही, हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

या उपक्रमात सहभागी होण्यासाठी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार ब्रेव्हे पूर्ण कराव्या लागतात. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत, ठरावीक तपासणी नाक्यांवर नोंद करत, बाहेरून संघाची मदत न घेता पूर्ण करावयाची सायकलफेरी. चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्यास सुपर रँडोनियर म्हणतात. या ब्रेव्हेंना मान्यता देणाऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी आदल्या वर्षी अधिक लांबीची ब्रेव्हे पूर्ण केलेल्यांना नावनोंदणीत अग्रक्रम मिळाला होता. त्यामुळे गंभीरपणे तयारी करणाऱ्या सायकलपटूला एक नव्हे, तर सलग दोन हिवाळे हाताशी धरावे लागतात.

इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, अमेरिकेचा सिअ‍ॅटलभोवतीचा वायव्य किनारा या प्रदेशांत नोव्हेंबर ते मार्च हा काळ ओलाव्याचा आणि अंधाराचा असतो. तेथील ज्या सायकलपटूने नोव्हेंबरमध्ये सायकल भिंतीला टेकवून ठेवली, त्याला मार्चनंतर दोनशेपासून सहाशेपर्यंतची शिडी अवघ्या तीन महिन्यांत चढावी लागते. बहुतेकांची दमछाक येथेच होते.

वेळेचे गणित

ब्रेव्हे ही वेगाची शर्यत नाही. २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास, ६०० साठी ४० तास आणि १२०० साठी कमाल ९० तास अशी मर्यादा असते. सरासरी काढली तर ताशी १३ ते १५ किलोमीटर एवढाच वेग लागतो. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. मात्र या वेळेत जेवण, पंक्चर, नाक्यावरील नोंद, कपडे बदलणे आणि झोप हे सारे धरलेले असते. घड्याळ कोणत्याही कारणासाठी थांबत नाही.

पावसाचा खरा फटका या हिशेबात दिसतो. चालत्या सायकलीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर ६०० किलोमीटरला ३० तास लागतात आणि विश्रांतीसाठी १० तास उरतात. ओल्या रस्त्यावर, जपून उतार उतरताना, जड झालेल्या कपड्यांनिशी हाच वेग ताशी १८ वर आला, तर चालण्याचे ३३ तास २० मिनिटे होतात. शिल्लक राहतात ६ तास ४० मिनिटे. ताशी केवळ दोन किलोमीटरच्या घटीने विश्रांतीचा एक तृतीयांश भाग गिळला. त्यातच पावसात प्रत्येक थांबा लांबतो. ओले हातमोजे काढणे, रेनकोट झटकणे, ओल्या हातांनी ट्यूब बदलणे या प्रत्येक गोष्टीत पाच-दहा मिनिटे जातात. झोपेसाठी राखलेला वेळ असा थेंबाथेंबाने गळून जातो आणि दुसऱ्या रात्री डोळा लागू लागलेला सायकलपटू निसरड्या रस्त्यावर असतो.

म्हणूनच हिवाळी तयारीचा हेतू केवळ पायांत बळ आणणे एवढाच नसतो. पावसात वेग किती घटतो, थांब्यांना किती वेळ लागतो, कोणते कपडे किती तास टिकतात याची प्रत्येकाची स्वतःची आकडेवारी तयार होणे, हाही तिचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

पाऊस कमी, ओलावा अधिक

ओला हिवाळा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकणातला आषाढ उभा राहतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याची वार्षिक सरासरी त्याहून जास्त, ७०० मिलिमीटरच्या वर आहे. पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या सिअ‍ॅटलचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत असतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. फरक आहे तो पाऊस कसा पडतो यात. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. सिअ‍ॅटलचा पाऊस वर्षातील सुमारे दीडशे दिवसांवर पसरलेला असतो आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो.

शिवाय तेथे हिवाळ्यात काही वाळत नाही. सूर्य क्षितिजालगत असतो, हवा थंड आणि दमट असते, बाष्पीभवन नाममात्र होते. पाऊस सकाळी थांबला तरी रस्ता संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडनमधील दिवस आठ तासांहूनही लहान असतो, तर ग्लासगोमध्ये तो सुमारे सात तासांचा असतो. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्याचे पाचही दिवस अंधारातच सायकल चालवावी लागते. म्हणजे तेथील सायकलपटूची झुंज मुसळधार पावसाशी क्वचित असते. रिमझिम, गारठा, अंधार आणि कधीच न वाळणारे बूट यांच्याशी ती रोजची असते. अशा झुंजीत एखाद्या दिवसाच्या धाडसापेक्षा रोजची शिस्त अधिक कामी येते.

खंड पडला की काय होते

दीर्घ पल्ल्याची क्षमता शरीरात हळूहळू बांधली जाते. मध्यम गतीने, बोलता येईल इतक्याच दमाने केलेल्या दीर्घ सायकलिंगमुळे हृदयाची एका ठोक्याला रक्त फेकण्याची ताकद वाढते, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते आणि शरीर इंधन म्हणून चरबी अधिक सहजतेने वापरू लागते. हे बदल आठवड्यांत नव्हे, महिन्यांत होतात.

उलट दिशेचा प्रवास मात्र वेगाने होतो. सराव पूर्ण थांबला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते; पूर्वीच्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. खंड महिन्याच्या पुढे गेला की स्नायूंमधील बदलही ओसरू लागतात. समाधानाची बाब अशी, की कमावलेली क्षमता टिकवायला ती कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. सरावाचे तास बरेच कमी केले, पण त्यात खंड पडू दिला नाही आणि आठवड्यातून एकदा थोडा जोर लावला, तर क्षमता बरीचशी शाबूत राहते.

ओल्या हिवाळ्याच्या नियोजनाचा पाया हाच आहे. या काळात मोठी उद्दिष्टे ठेवणारा सायकलपटू दोन रविवार पावसाने हुकले की निराश होतो आणि पुढचे चार स्वतःहून सोडतो. लहान उद्दिष्ट ठेवणारा मात्र साखळी तुटू देत नाही. आठवड्यात दोन वेळा पाऊण ते एक तास, शनिवारी किंवा रविवारी तीन ते पाच तास आणि महिन्यातून एक मोठी फेरी एवढा आराखडा नोकरदार माणसाला पेलतो. तीन आठवडे थोडी थोडी वाढ आणि चौथ्या आठवड्यात उतार, ही रीत अनेक प्रशिक्षक वापरतात. हा चौथा आठवडा हवामानाचा अंदाज पाहून पुढे-मागे करता येतो. ज्या आठवड्यात वादळ येणार असेल, तोच विश्रांतीचा मानावा.

दर महिन्याला एक दोनशे

ब्रिटनमधील ऑडॅक्स यूके ही संस्था १९७६ पासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे आयोजन करते. हिवाळ्यातील खंडावर तिने शोधलेला उपाय साधा आहे. सलग बारा महिने, प्रत्येक महिन्यात किमान एक २०० किलोमीटरची किंवा त्याहून मोठी फेरी पूर्ण करणाऱ्यास ‘रँडोनियर राउंड द इयर’ हा सन्मान मिळतो. अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या रँडोनियर्स यूएसए या संस्थेचा ‘आर-१२’ हा सन्मानही याच धर्तीचा आहे. एक महिना हुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या अटीत मानसशास्त्र दडलेले आहे. जानेवारीतला पावसाळी शनिवार नुसता ‘सराव’ म्हणून कोणालाही बाहेर काढू शकत नाही. पण नऊ महिन्यांची साखळी तुटण्याची धास्ती मात्र माणसाला पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठवते. शिवाय महिन्याला एकच फेरी आवश्यक असल्याने चार-पाच शनिवार-रविवारांपैकी त्यातल्या त्यात बरा दिवस निवडण्याची मुभा राहते. वर्ष संपताना अशा सायकलपटूच्या गाठीशी प्रत्येक ऋतूतील किमान दोन-तीन दीर्घ फेऱ्या असतात. पाऊस, धुके, समोरचा वारा आणि लांबलेली रात्र यांपैकी काहीही त्याला नवे राहत नाही.

उरलेल्या दिवसांसाठी घरातील ट्रेनर हा उत्तम आधार आहे. सायकल जागच्या जागी बसवून पेडल मारण्याच्या या यंत्रावर उतार नसतात, सिग्नल नसतात. त्यामुळे तेथील एक तास रस्त्यावरील एका तासाहून भरगच्च होतो. आठवड्यातील जोराचा सराव तेथे सुरक्षितपणे उरकता येतो. मात्र समोर पंखा हवा, कारण वारा नसल्याने शरीर लवकर तापते. ट्रेनरला मर्यादाही आहेत. ओल्या वळणावर सायकल किती कलती करावी, ब्रेक किती आधी दाबावा, आठ तास खोगीरावर बसल्यावर पाठ आणि तळवे काय सांगतात, हे तो शिकवू शकत नाही. त्यासाठी रस्त्यावरच जावे लागते.

भिजणे आणि गारठणे

पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट आहे. अंगावरचे कपडे भिजले की त्यांच्या धाग्यांत अडकलेली उबदार हवा जाते आणि तिची जागा पाणी घेते. त्यात सायकलच्या वेगाने निर्माण होणारा वारा भर घालतो. त्यामुळे पारा आठ-दहा अंशांवर असतानाही, बर्फाचा मागमूस नसताना, शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू शकते. वैद्यकीय परिभाषेत या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात.

तिची सुरुवात हुडहुडीने होते. मग बोटे बधिर होतात, गिअर बदलणे आणि पाकीट फोडणे जमेनासे होते. पुढे बोलणे जड होते आणि निर्णय चुकू लागतात. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटले, असा समज घातक आहे. थंडी वाजत असतानाच कापरे थांबणे हे शरीराची शक्ती संपत आल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम पेय आणि मदत यांची तातडीने गरज असते. लांब चढ चढताना घामाने भिजलेला सायकलपटू पुढच्या लांब उतारावर काहीच श्रम करत नाही, पण वारा मात्र दुप्पट लागतो. धोका या उतारावर सर्वाधिक असतो. म्हणून अनुभवी सायकलपटू घाटमाथ्यावरच थांबून जाकीट चढवतात.

कपड्यांच्या बाबतीत ‘न भिजणे’ हे उद्दिष्ट दहा-बारा तासांच्या पावसात साध्य होत नाही. बाहेरचे पाणी रोखणाऱ्या जाकिटात आतून घाम साचतो. म्हणून ‘भिजूनही उबदार राहणे’ हे उद्दिष्ट अधिक व्यवहार्य ठरते. अंगालगत लोकरीचा पातळ थर असावा, कारण लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब राखते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंग गारठवते. त्यावर वारा अडवणारा थर आणि सर्वांत बाहेर हलके पावसाळी जाकीट असावे. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली टोपी घातली की डोळ्यांवर थेट थेंब येत नाहीत. हातमोज्यांचा आणि पायमोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवला, तर तो शंभराव्या किलोमीटरला जिवात जीव आणतो.

ओल्या चड्डीत तासन्‌तास बसल्याने मांड्यांच्या आतील बाजूस आणि बैठकीच्या जागी त्वचा सोलवटते. पावसात घर्षण वाढते आणि ही दुखापत लवकर होते. किरकोळ वाटणाऱ्या या फोडांनी अनेक सुदृढ सायकलपटूंना अर्ध्यावर थांबवले आहे. त्वचेला आधीच मलम लावणे, थांब्यावर कोरडे करणे आणि घरी पोहोचताच कपडे बदलणे हा सरावाचाच भाग मानावा. गारठ्यात तहान कमी लागते, म्हणून पाणी आणि खाणे घड्याळ पाहून घ्यावे लागते. हातमोजे न काढता फोडता येतील अशा पुड्या आधीच बांधून ठेवल्या तर पावसात उपासमार होत नाही.

सायकलीचा हिवाळा

ओल्या रस्त्यावरचे पाणी शुद्ध नसते. त्यात बारीक वाळू, माती, तेल आणि थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ असते. हे मिश्रण चेनवर बसले की कानसेसारखे काम करते. कोरड्या हवामानात अनेक महिने टिकणारी चेन आणि दंतचक्रे येथे लवकर झिजतात. प्रत्येक ओल्या फेरीनंतर सायकलीवर साधे पाणी सोडून, चेन फडक्याने पुसून, ओल्या हवामानासाठीचे दाट वंगण लावण्याची दहा मिनिटांची सवय मोठा खर्च वाचवते. जोराच्या फवाऱ्याने धुणे टाळावे. त्याने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते.

ब्रेकवर तर जीवच अवलंबून असतो. रिम ब्रेक ओले असताना दाबल्यावर चाकाचे पहिले काही फेरे केवळ पाणी पुसण्यात जातात आणि त्यानंतर पकड येते. त्यामुळे वळणाच्या बरेच आधी हलका ब्रेक लावून रिम कोरडी करून घ्यावी लागते. डिस्क ब्रेक पावसात अधिक भरवशाचे असले, तरी मातकट पाण्यात त्यांचे पॅड झपाट्याने झिजतात. विशेषतः रेझिनचे पॅड धातुमिश्रित पॅडपेक्षा लवकर संपतात. डोंगराळ भागातील एका दीर्घ ओल्या फेरीत नवे पॅड संपत आल्याचे अनुभव दुर्मीळ नाहीत. म्हणून फेरीआधी पॅडची जाडी पाहणे आणि एक जोड सोबत ठेवणे अनिवार्य समजावे.

पावसात पंक्चरही वाढतात. वाहत्या पाण्याने काचा, खडे आणि तारा रस्त्याच्या कडेला येतात आणि पाण्याच्या वंगणामुळे त्या रबरात सहज शिरतात. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे, मजबूत आवरणाचे आणि थोड्या कमी हवेचे टायर येथे उपयोगी पडतात. मडगार्ड ही चैन नाही. मागच्या चाकाचे पाणी पाठीवर आणि पुढच्या चाकाचे पाणी पायांवर आले नाही, तर शरीर कितीतरी अधिक काळ उबदार राहते. ब्रिटनमधील अनेक क्लबांमध्ये हिवाळी फेऱ्यांना मागच्या मडगार्डला खाली लोंबणारी पट्टी अपेक्षित असते, म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडत नाही. दिव्यांच्या बाबतीत पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसणारा डायनॅमो उपयोगी ठरतो, कारण त्याला चार्जिंगची चिंता नसते. बॅटरीचे दिवे असतील तर जादा संच हवाच.

भारतातील ओला हिवाळा

भारतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सायकलिंगचा सर्वोत्तम काळ मानला जातो. महाराष्ट्रात, मध्य भारतात आणि गुजरातमध्ये ते खरेही आहे. परंतु देशाच्या सर्व भागांचा हिवाळा कोरडा नसतो. तामिळनाडूला वर्षातील जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात मिळतो. चेन्नईत तर वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक वाटा याच तीन महिन्यांत पडतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही प्रामुख्याने याच सुमारास किनाऱ्याकडे येतात. चेन्नई, पुदुच्चेरी किंवा आंध्रच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या सायकलपटूंचा ब्रेव्हे हंगाम म्हणूनच पावसातच सुरू होतो. तेथे गारठा नसतो, पण तुंबलेल्या पाण्याखाली दडलेले खड्डे, उघडी गटारे आणि वीज ही संकटे असतात. निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांत हाच पाऊस थंडीसह येतो. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभामुळे डिसेंबर-जानेवारीत पडणारा पाऊस दहा अंशांच्या आसपासच्या तापमानात सायकलपटूला गाठतो आणि त्याच्या मागोमाग दाट धुके येते.

महाराष्ट्रातील सायकलपटूंपुढील प्रश्न उलटा आहे. त्यांचा हिवाळा कोरडा असल्याने चारही ब्रेव्हे कोरड्या रस्त्यावर पार पडतात आणि पावसाची परीक्षा थेट युरोपात होते. २००७ चे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सततच्या पावसासाठी आणि त्यामुळे अर्ध्यावर थांबलेल्या सायकलपटूंच्या मोठ्या संख्येसाठी ओळखले जाते. २०१९ मध्ये पाऊस नव्हे, तर समोरचा वारा आणि पहाटे एक अंकी तापमानापर्यंत उतरलेला पारा कसोटी पाहून गेला. भारतातून गेलेल्या अनेकांना त्या वेळी ९० तासांची मर्यादा गाठता आली नाही. लंडन-एडिनबरा-लंडन हा सुमारे १५०० किलोमीटरचा उपक्रम २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिस वादळामुळे मध्येच थांबवावा लागला. युरोपातला उन्हाळा भारतीय हिवाळ्याहून ओला आणि थंड असू शकतो, हे या अनुभवांवरून दिसते.

यावरचा उपाय सह्याद्रीत आहे. जून ते सप्टेंबर या काळात ताम्हिणी, माळशेज, आंबोली किंवा महाबळेश्वरच्या परिसरात धुके, वारा आणि संततधार एकत्र अनुभवता येतात. या काळात सायकल बंद ठेवण्याऐवजी सुरक्षित दिवशी, दिवसाउजेडी, परिचित रस्त्यांवर चार-पाच तासांच्या फेऱ्या केल्या, तर कपडे, ब्रेक, आहार आणि थांबे यांची रंगीत तालीम होते. दरड कोसळण्याचा इशारा असलेले घाट आणि सुट्ट्यांच्या दिवशीची पर्यटकांची गर्दी मात्र टाळायला हवी.

केव्हा थांबावे

सातत्याचा आग्रह आणि हट्ट यांत फरक आहे. भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत इशारे देतो. लाल इशारा असताना सायकल बाहेर काढण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. नारिंगी इशाऱ्यात घरातील ट्रेनर हाच योग्य पर्याय आहे. ढगांचा गडगडाट ऐकू आला की उघडे माळरान आणि झाडाखालचा आडोसा दोन्ही टाळून पक्क्या इमारतीत जावे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल, तर सायकल हाकू नये. थंड देशांत पारा शून्याजवळ असताना ओल्या रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर तयार होतो. तो दिसत नाही आणि त्यावर साधा टायर पकड घेत नाही.

पाऊस नुकताच सुरू झालेला असताना रस्ता सर्वाधिक निसरडा असतो, कारण साचलेले तेल आणि धूळ वर येते. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे, रेल्वेचे रूळ, ओली पाने आणि शेणामातीचे डाग ओलांडताना हँडल सरळ ठेवावे आणि ब्रेक सोडावा. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. ताप, छातीत कफ किंवा धाप असताना सराव थांबवणे शहाणपणाचे आहे. दोन दिवसांची विश्रांती साखळी तोडत नाही, तर अंगावर काढलेले आजारपण तीन आठवडे खाऊ शकते.

एकट्याने निघण्याआधी मार्ग आणि परतीची अपेक्षित वेळ घरी सांगून ठेवणे, फोन पाण्यापासून सुरक्षित ठेवणे आणि मार्गावर कोठून बस किंवा रेल्वेने परतता येईल हे आधी पाहणे, या तीन गोष्टींनी बहुतेक प्रसंग निभावतात. घराभोवती वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात फिरणारी वर्तुळाकार फेरी हिवाळ्यात अधिक सोयीची, कारण कोठूनही तासाभरात घरी पोहोचता येते. दोनशे किलोमीटर पूर्ण करण्यासाठी दोनशे किलोमीटर दूर जावे लागत नाही.

पात्रतेच्या नियमांत हवामानाला सवलत नाही. पावसात पूर्ण केलेल्या ब्रेव्हेलाही कोरड्या ब्रेव्हेइतकीच वेळ मिळते आणि नाक्यावरील नोंदीत किती भिजलो याचा रकाना नसतो. २०२७ साठी पात्रता हंगाम १ नोव्हेंबर २०२६ पासून मोजला जाईल. त्या दिवशी चेन्नईत ढग दाटलेले असतील, लंडनमध्ये साडेचारच्या सुमारास अंधारून येईल आणि पुण्यात आकाश निरभ्र असण्याची शक्यता अधिक. तिन्ही ठिकाणच्या सायकलपटूंसमोरचे अंतर मात्र सारखेच असेल: आधी दोनशे, मग तीनशे, मग चारशे आणि मग सहाशे.